पाडायचं की दुरुस्त करायचं?

आजचा विषय घराघरात वाद लावणारा आहे. गावाकडचं जुनं घर पाडून स्लॅब टाकायचा, की तेच दुरुस्त करायचं? मी सॉफ्टवेअरवाला, सिव्हिलवाला नाही. पण आमच्याही घरात हीच चर्चा चालू आहे, म्हणून गवंडी, इंजिनिअर, सगळ्यांचं डोकं खाल्लं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी आपलेच दोन जिल्हे बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणून तिथलं जुनं छप्पर उतरतं. माण, आटपाडी, जतकडे या. पाऊस जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून इथं सपाट माळवद. लाकडी तुळया, त्यावर किलचण, वर पांढऱ्या मातीचा थर. भिंत दोन-दोन फूट जाड. दुपारची उष्णता ती पार करेपर्यंत रात्र होते. स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री आपल्याच डोक्यावर ती उष्णता सोडतो. मग एसी आला, बिल आलं.

आता सिमेंट. ते बनवताना चुनखडी भाजतात, तेव्हा त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टीचा धूर वेगळाच. जगभरात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटचा. उभी असलेली भिंत यातलं काहीच नव्यानं मागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, चालणारा कोड उगाच पुसू नका.

यावर घरातली मोठी माणसं विचारतात, "आणि भूकंप झाला तर?" प्रश्न अगदी बरोबर आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला हादरा बसला आणि दगडमातीची घरं कोसळली. 1993 ला किल्लारीत तेच झालं. कारण जुन्या दगडी भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात, मध्ये नुसती भर. हादऱ्यात पदर सुटतात आणि वरचं ओझं खाली येतं.

मग दुरुस्ती म्हणजे नुसता रंग नाही. ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात. छपराखाली चारी भिंतींना जोडणारा पट्टा घ्यायचा. माळवदावर दरवर्षी माती चढवताना आधी जुनी खरवडून काढायची, नाहीतर वजन वाढतच जातं. सिमेंटचा गिलावा टाळायचा, त्यात ओल अडकते. चुन्याचा करा. आणि मातीच्या भिंतीवर स्लॅब? अजिबात नको. हे सगळं जाणकार इंजिनिअरला दाखवूनच करा.

नदीकाठी मात्र हिशोब बदलतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. दिवसेंदिवस पुरात उभी राहिलेली मातीची भिंत टिकत नाही. तिथं जुन्याचा हट्ट नको. जोतं उंच घ्या, पुराच्या रेषेपर्यंत पक्कं बांधकाम करा.

आणि ज्यांचा स्लॅब आधीच पडलाय, त्यांनी उन्हाळ्याआधी वरून पांढरा चुना मारून बघा. खर्च थोडा, फरक पहिल्याच रात्री कळेल.

तुमच्या घरी काय ठरतंय? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!