साहसाची पहिली पायरी गावातच

(शिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत-सदस्यांसमोर केलेले भाषण)



चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीने बर्फ कधी पाहिलेला नाही. वैशाखात येथील पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. असे असूनही मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम ही त्यांची नावे. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन यांच्या ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून ही मोहीम निघाली होती.

त्यांचे कौतुक आपण सर्वांनी केले. आज मला बोलायचे आहे ते त्या यशाच्या आधीच्या महिन्यांविषयी. या मुलांचे प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लडाखमधील लेह असे टप्पे त्यांनी पार केले. आधी शरीर कसले गेले, मग कातळावर हातपाय स्थिरावले, नंतर बर्फाची व विरळ हवेची सवय झाली. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. अशा ठिकाणी नुसते धाडस उपयोगी पडत नाही. शिस्त आणि सराव हेच माणसाला सुखरूप परत आणतात.

याच्या चार वर्षे आधी, मे २०१४ मध्ये, आपल्या शेजारच्या तेलंगण भागातील निवासी कल्याणशाळेची विद्यार्थिनी मालावत पूर्णा वयाच्या तेराव्या वर्षी त्याच शिखरावर गेली होती. योग्य शिक्षण मिळाले तर वनवस्तीतील मूल कोठवर जाऊ शकते, याची ही दोन ठळक उदाहरणे आहेत.

मंडळाची गरज

परंतु मोहीम संपली की प्रश्न उभा राहतो. पाच मुले शिखरावर गेली. उरलेल्या हजारोंचे काय? सर्वांनी हिमालयात जावे असे कोणी म्हणणार नाही. डोंगर चढण्याचा निर्मळ आनंद, दोर सांभाळण्याची जबाबदारी आणि संकटात सोबत्याला सावरण्याची वृत्ती मात्र प्रत्येकाला मिळू शकते. त्यासाठी गावपातळीवर साहस-मंडळ हवे.

ज्या देशांत हिवाळाभर बर्फ असते, तेथे हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बर्फावर धावणारी स्नोमोबाईल ही मोटारगाडी लोकप्रिय आहे. तेथील अनेक मार्गांची निगा स्थानिक क्लब राखतात. १९७६ सालानंतर जन्मलेल्या व्यक्तीला सुरक्षा-प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक जागेत ती गाडी चालवता येत नाही. आधी शिक्षण, मग खेळ, आणि खेळाच्या जागेची काळजी खेळणाऱ्यांकडेच, हा त्यातला धडा आपणही घ्यावा.

सुरुवात कशी करावी?

पहिली गोष्ट प्रशिक्षकाची. उत्साही शिक्षकाने केवळ पुस्तक वाचून मुलांना कड्यावर नेऊ नये. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून हे शिक्षण देत आहे. तेथील प्राथमिक अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. तालुक्यातून दरवर्षी एक-दोन तरुणांना तेथे पाठविता आले, तरी काही वर्षांत आपले स्वतःचे प्रशिक्षक तयार होतील. तोवर अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी संलग्न असलेल्या अनुभवी संस्थांचे मार्गदर्शन घ्यावे.

दुसरी गोष्ट नियमांची. साहसी उपक्रमांसाठी राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये धोरण जाहीर केले असून आयोजकांच्या नोंदणीची व सुरक्षिततेची तरतूद त्यात आहे. पालकांची लेखी संमती, वैद्यकीय तपासणी आणि विमा यांत कसूर नसावी. दोर, हार्नेस, कॅराबिनर व हेल्मेट यांची नोंदवही ठेवावी. दोर केव्हा घेतला आणि किती वापरला हे तीत लिहावे. शंका आली की तो दोर बाद करावा.

तिसरी गोष्ट आपल्या जंगलाची. येथे वाघ आहे, अस्वल आहे, आग्या मोहोळ आहे, साप आहे. वनविभागाच्या परवानगीवाचून कोठेही तळ ठोकू नये, पहाटे व सांजवेळी झाडीत हिंडू नये, मोहोळाजवळ धूर करू नये. सर्पदंशावरील लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. शिबिरे हिवाळ्यात घ्यावीत. उन्हाळ्यातील तापलेला कातळ मुलांसाठी नव्हे. ग्रामसभेलाही विचारावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावांत जंगलाची राखण गावकरीच करतात. त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या वाटाड्यासह जाणे हाच खरा शिष्टाचार होय.

माघारीचा मान

शेवटी एक विनंती. ‘मिशन शौर्य’च्या चमूतील सर्वच मुले शिखरापर्यंत गेली नाहीत. त्यांचे शिक्षण वाया गेले असे कोणी समजू नये. प्रकृती साथ देत नाही, हवा बिघडते आहे, हे ओळखून वेळीच मागे फिरणे हा गिर्यारोहणातील अवघड धडा आहे. शिखरावर गेलेल्यालाच हार घालणारे गाव नकळत मुलांना जिवावर उदार व्हायला शिकवते. मागे फिरलेल्या मुलाचाही सत्कार करणारे गाव त्यांना शहाणपण शिकवते.

माणिकगडच्या डोंगररांगेत किंवा आपल्याच गावाशेजारच्या टेकडीवर येत्या हिवाळ्यात एक लहानसे शिबिर भरवा. गेलेली सर्व मुले संध्याकाळी घरी परतली, एवढे जरी साधले तरी पहिल्या वर्षाचे काम उत्तम झाले असे मी मानीन.