सर्पगंधेपासून क्योतोपर्यंत

कंपवात म्हटलं की थरथरणारा हात आठवतो. पण या आजाराचं खरं लक्षण आहे संथपणा. सदऱ्याची बटणं लागता लागत नाहीत, अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलेनासा होतो. घरचे म्हणतात, वय झालं. तसं म्हणून थांबू नका, कारण या संथपणामागे मेंदूतलं एक निश्चित कारण असू शकतं. ते सापडलं त्या वाटेवर आपली मुंबईही लागते.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पूर्वापार औषधात आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. जगाचं लक्ष त्या मुळाकडे वळलं. १९५२ मध्ये त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं.

पुढे स्वीडनमध्ये शास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा हे द्रव्य टोचलं, तर थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडूफिरू लागले! हे १९५७ साल. रेसर्पिनमुळे मेंदूतलं, हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन संपलं होतं आणि लेव्होडोपापासून ते पुन्हा तयार झालं होतं. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविच या शास्त्रज्ञांनी कंपवाताच्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. तिथेही डोपामिन अगदी कमी होतं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. डॉ. वकील यांचं नाव मात्र या गोष्टीत क्वचितच निघतं, याचं मला वाईट वाटतं.

डोपामिन बनवणाऱ्या काळपट पेशी मेंदूच्या मध्यभागी, खोलवर असतात. एकेकीला असंख्य फांद्या, म्हणून ऊर्जेची गरजही प्रचंड. कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीचं दुमडतं, पेशींत त्याच्या गाठी होतात आणि पेशी मरत जातात. लक्षणं उघड दिसेपर्यंत बऱ्याचशा गेलेल्या असतात. लेव्होडोपाची गोळी आजही सर्वांत उपयोगी आहे. ती कमी पडलेलं डोपामिन भरून काढते, पण पेशींचं मरणं थांबवत नाही.

म्हणूनच आता त्या प्रथिनाला अडवणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. दुसरी वाट नव्या पेशी बसवण्याची. जपानमध्ये क्योतोच्या डॉक्टरांनी निरोगी दात्याच्या पेशींपासून डोपामिन बनवणाऱ्या पेशींची रोपं तयार केली आणि शस्त्रक्रिया करून ती सात रुग्णांच्या मेंदूत ठेवली. २०२५ मध्ये निष्कर्ष आले. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत, पेशी जगल्या, डोपामिन बनवू लागल्या आणि काहींच्या हालचाली सुधारल्या. सात ही संख्या फार लहान आहे, तरी मला हे पाऊल मोठं वाटतं.

मात्र ‘स्टेम सेल’ म्हणजे मूळपेशींच्या नावाखाली हाताच्या शिरेत इंजेक्शन देऊन कंपवात बरा करतो, असं कुणी म्हणालं, तर क्योतोत पेशी कुठे ठेवल्या होत्या ते आठवा, आणि पैसे भरण्याआधी आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा.