विहिरीची परीक्षा

(धानोरा येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात बोलावयाचे ते शिक्षण, हुंडा किंवा वधूवर-परिचय यांवर, असा आपला प्रघात आहे. आम्ही विहिरीचे पाणी हा विषय निवडला तेव्हा कार्यकारी मंडळातील काही मंडळी हसली. त्याबद्दल आमचा रोष नाही. परंतु या विषयात आमच्या हातून एक अपराध घडला आहे, आणि तो प्रथम सांगितल्यावाचून पुढे बोलणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

नोकरीच्या आरंभी आम्ही चंद्रपूरकडील एका खेड्यात शिक्षक होतो. तेथील बऱ्याच मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असत. प्रार्थनेनंतर आम्ही नखे व दात तपासत असू. असेच एका मुलास, दात घासत नाही म्हणून, आम्ही सर्व वर्गासमोर उभे केले. दुसऱ्या दिवशी तो हिरड्यांतून रक्त येईतो राखुंडीने दात घासून आला. पट्टे होते तसेच होते. तेव्हाही आम्ही त्यासच लबाड ठरविले. तो पुढे तोंडावर हात धरूनच बोलत असे.

फार वर्षांनी आम्हांस कळले की, तो दोष मुलाचा नसून पाण्यातील फ्लोराइडाचा असतो. खडकातील काही खनिजांतून ते भूजलात उतरते. बालपणी दात घडत असतानाच ते अधिक पोटात गेले तर दातांचे लुकणच बिघडते. मग राखुंडी काय करणार? प्रमाण फार असून वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यास सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठतो. आपल्या देशात हा विकार १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यात ओळखला गेला, म्हणजे आमच्या जन्माच्याही पूर्वी. ज्ञान पुस्तकात होते, मास्तर मात्र छडी घेऊन उभा होता. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा उद्भव नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

आता आपल्याकडे पाहू. हातपंपाचे पाणी तांबूस येते, भांड्यांवर डाग पडतात, चहा काळवंडतो. म्हणून बायाबापड्या तो पंप सोडून नाल्याच्या झऱ्यावर जातात. तो तांबूसपणा बहुधा लोहाचा असतो. तसले पाणी या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतले, निवळू दिले व वाळूतून गाळले तर लोह पुष्कळसे खाली बसते. झऱ्याचे पाणी मात्र स्वच्छ दिसते आणि त्यातून हगवण व कावीळ घरी येते. फ्लोराइडाला तर ना रंग, ना वास. डोळा आणि जीभ हे पाण्याचे परीक्षक नव्हेत. आमच्या आजीची निवळीच्या बियांवर मोठी श्रद्धा. गढूळपणा त्याने बसतो हे खरे. परंतु निवळलेले पाणी निर्दोष झाले, असे होत नाही.

जंतूंवर उपाय टी.सी.एल. पावडरीचा. विहिरीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणावे. व्यास ३ मीटर व पाणी २ मीटर असेल तर सुमारे १४ घनमीटर, म्हणजे १४,००० लिटर पाणी झाले. हजार लिटरला ५ ग्रॅम या मानाने ७० ग्रॅम पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळ विहिरीत सोडावी आणि तासभर पाणी उपसू नये. नंतर ओ.टी. चाचणीत पाणी पिवळसर झाले म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीचा जोर गेलेला असतो. अंदाजे मूठभर टाकणे हा तर निव्वळ उपचार.

परंतु या पावडरीने फ्लोराइड तसूभरही कमी होत नाही. पाणी उकळल्याने तर ते दाट होते. त्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने नालगोंडा पद्धत बसविली आहे. पाण्यात तुरटी व चुना घालून ते हळूहळू ढवळावयाचे, तासभर निवळू द्यावयाचे, आणि वरचे पाणी काढून घेऊन गाळ दूर टाकावयाचा. तुरटीची मात्रा मात्र तपासणीवरूनच ठरते. आजीच्या चिमटीने नव्हे. याच संस्थेने चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सूर्यशक्तीवर चालणारे, विजेच्या योगे फ्लोराइड काढणारे संयंत्र उभारून दाखविले. तरीही आमच्या मते जवळच दुसरी निर्दोष विहीर असेल तर तिचे पाणी आणणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय.

येथवर कोणाचा मतभेद नसावा. मतभेद आहे तो आपल्या समाजभवनाच्या विहिरीविषयी. तिचे पाणी तपासावे असे आम्ही गतवर्षी सुचविले, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “गुरुजी, पूर्वजांच्या पुण्याईची परीक्षा घेता काय?” आम्ही गप्प बसलो. आज उत्तर देतो. पूर्वजांनी विहीर खोदली ती लोकांनी पाणी प्यावे म्हणून. कठड्यावरील शिलालेख वाचावा म्हणून नव्हे. पाणी कोणी भरावे यावर आपल्या देशात केवढे तंटे झाले! १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्या पाण्यात काय आहे, हे विचारण्याची फुरसत आपणांस कधी झाली?

तपासणीचा निकाल वाईट आला तर ज्ञातीची नाचक्की होईल, अशी धास्ती काहींना वाटते. आपल्याच तालुक्यातील मेंढा-लेखा गावी ग्रामसभा सर्वांसमक्ष बसून निर्णय घेते. आपणही निकाल येथेच मोठ्याने वाचावा. पाणी सदोष निघाले तर तसा फलक विहिरीवर लावावा आणि मेळाव्याचा स्वयंपाक दुसऱ्या पाण्यावर करावा. एकच तपासणी पुरत नाही हेही ध्यानी असावे. जंतूंसाठी पावसाळ्यापूर्वी व नंतर, आणि रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व्हावी. त्याची वही ठेवण्याचे काम आम्ही पत्करतो. हजेरीपट लिहिण्याची सवय अद्याप गेलेली नाही.

रासायनिक तपासणीसाठी लिटरभराची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने विसळून भरावयाची. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लागते. ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते. दोन्ही बाटल्या आम्ही आणून ठेवल्या आहेत. उद्या सकाळी नमुने घेऊन पहिल्या एस.टी.ने आम्ही गडचिरोलीस जाणार आहोत. तरुण मंडळींपैकी कोणी सोबत आल्यास बरे. बर्फाची पेटी या वयात आम्हांस एकट्याने उचलवत नाही.