राखणदार उलटला तर

(म्हसवड येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला एका राखणदाराची गोष्ट सांगणार आहोत. हा राखणदार आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. पण तो आहे म्हणून आपण जगतो.

आपला माण तालुका म्हणजे मेंढरांचा मुलूख. धनगराचा कळप रानात बसला, की भोवती कुत्री असतात. रात्री लांडगा आला, तर कुत्रे त्याच्यावर धावते. मेंढराला मात्र ते तोंड लावत नाही. का बरं? आपले कोण आणि परके कोण, हे त्याला कळते.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या म्हणजे शरीराची राखण करणारी कुत्रीच समजा. पायात काटा मोडला, जखमेतून जंतू आत शिरले, की त्या धावून जातात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. ती सूज म्हणजे लढाईची खूण. जंतू मेले, की लढाई थांबते आणि सूज उतरते.

पण कधी कधी या राखणदाराची ओळख चुकते. तो आपल्याच कोकरावर तुटून पडतो. बाहेरचा शत्रू नसतो, म्हणून लढाई थांबतही नाही. अशा रोगांना डॉक्टर 'ऑटोइम्यून' रोग म्हणतात. मराठीत 'स्वयंप्रतिकार रोग' असे नाव आहे.

राखणदार कुठे चावतो, त्यावर रोग ठरतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशी त्याने मारल्या, तर अंगावर पांढरे डाग पडतात. ते कोड. कोड म्हणजे महारोग नव्हे. तो शिवल्याने दुसऱ्याला होत नाही. पोटातील स्वादुपिंडाच्या पेशी मेल्या, तर लहान मुलालाही मधुमेह होतो. त्या मुलाला इन्सुलिनची सुई रोज लागते. ती बंद केली, तर जीव जातो. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवर हल्ला झाला, तर माणूस सुस्त होतो, अंग जड पडते. आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला झाला, तर होतो आमवात.

आज आमवाताविषयी थोडे जास्त सांगतो. कारण तो आपल्या वर्गातच येऊन बसला होता आणि आम्हांला तो ओळखता आला नाही.

आपल्या वर्गात एक बाई येत. वय चाळिशीच्या आत. सुरुवातीला त्यांचे अक्षर चांगले होते. पुढे त्या पाटी नुसती मांडीवर ठेवून बसू लागल्या. आम्ही विचारले, तर म्हणाल्या, "पेन्सिल धरवत न्हाई." आम्हांला वाटले, ही टाळाटाळ. आम्ही चार लोकांत तसे बोलूनही दाखवले. घरी सासूही म्हणे, "कामाचं नाव काढलं की हिचं हात दुखत्यात." सकाळी भाकरी थापताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई. पण ते कोणाला दिसले नाही.

मंडळी, तो आळस नव्हता. तो रोग होता. आम्ही चुकलो, हे आज तुमच्यापुढे कबूल करतो.

आमवात ओळखावा कसा? वयाने गुडघे झिजतात, ते वेगळे. ते दुखणे चालल्यावर वाढते, बसल्यावर कमी होते. आमवाताचे उलटे असते. झोपून उठल्यावर हाताची बोटे, मनगटे, पायाची बोटे आखडलेली असतात. मूठ वळत नाही. तासभर, कधी त्याहून जास्त वेळ तसेच राहते. हळूहळू हालचाल केली, की मोकळे होते. बहुधा दोन्ही हातांना एकदम सूज येते. अंगात कसकस असते, थकवा असतो. असे काही आठवडे चालले, तर डॉक्टर गाठायचा. बायकांना हा रोग पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो.

हा रोग शहरातल्या लोकांचा, असे समजू नका. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाहणी सुरू केली. घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांची विचारपूस केली. दर हजारी सुमारे पाच जणांना आमवात असल्याचे दिसले. म्हणजे चांगल्या मोठ्या गावात असे कितीतरी हात सकाळी आखडलेले असतील.

हा रोग कशाने होतो? देवीच्या कोपाने नाही. करणीने नाही. शिवल्याने तर नाहीच. काही भाग रक्तातून, म्हणजे पिढीतून येतो. विडी-सिगारेटच्या धुराने धोका वाढतो. ज्याला होतो, त्याचा त्यात गुन्हा नाही.

उपाय आहे काय? मुळासकट काढून टाकणारे औषध अजून नाही. पण राखणदाराला साखळी घालता येते. १९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे औषध टोचले. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्यांना आणि आणखी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण लवकरच दुसरी बाजूही कळली. हे स्टेरॉइड फार दिवस घेतले, तर तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. एकदम बंद केले, तरी धोका. म्हणून बाजारात कोणी "एका दिवसात गुण" म्हणून निनावी पुडी देईल, ती घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे.

आज आमवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी पुष्कळ वेळा देतात. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या तेलुगू शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली अमेरिकेत ही औषधे १९४० नंतरच्या वर्षांत तयार झाली. आधी ती कर्करोगावर वापरली. आमवातावर तिची मात्रा अगदी थोडी लागते. वेळेवर सुरू केली, तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. उशीर झाला, तर एक-दोन वर्षांतच हाडे झिजू लागतात. झिजलेले हाड परत येत नाही.

पण ही गोळी रोज घ्यायची नसते. आठवड्यातून एकदाच घ्यायची असते.

त्या बाईंना हीच गोळी मिळाली. डॉक्टरांनी सांगितले होते, दुकानदाराने पाकिटावर मराठीत लिहूनही दिले होते. पण घरी येईतो सांगितलेले विसरले. त्यांनी पाच दिवस रोज एक गोळी घेतली. सहाव्या दिवशी तोंडात फोड आले, ताप आला, पाणी गिळवेना. त्या तशाच वर्गात आल्या. पाकीट पुढे केले आणि म्हणाल्या, "ह्यातलं पयलं अक्षर आ हाय. म्होरचं सांगा."

आम्ही वाचले आणि अंगावर काटा आला. तसेच त्यांना दवाखान्यात नेले. रोज घेतली, तर या गोळीने रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावतोसुद्धा. बाई वाचल्या. बरे झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी ती गोळी पुन्हा सुरू केली.

आता त्या काय करतात? बाजाराच्या दिवशी गोळी घेतात. बाजार चुकला तरी चालेल, वार चुकायचा नाही. चुकलाच, तर दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचे. ठरल्या वेळी रक्त तपासायचे. गरोदर बाईने किंवा मूल हवे असणाऱ्याने ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगायचे. सिद्धनाथाच्या रथापुढे त्या गुलाल-खोबरे उधळतात, नवसही बोलतात. त्याला आमची ना नाही. नवस बोला, पण गोळीही घ्या.

मंडळी, वाचायला शिकून काय मिळते, असे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. आज आम्ही उत्तर देत नाही. फळ्यावर दोनच शब्द लिहितो. त्या बाईच ते तुम्हांला वाचून दाखवतील. त्यांची मूठ आता वळते, खडूही त्यांच्याच हातात देऊ.

आठवड्यातून एकदा.

आता तुम्ही सगळे पाटीवर लिहा.