घोणस, ग्रंथी आणि हाडे



निपाणीच्या तंबाखूच्या शिवारात घोणस चावूनही माणूस वाचला, की आपण अल्लाचे आभार मानून निश्चिंत होतो. परंतु काहींच्या मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी त्या विषाने निकामी होते. ब्रह्मदेशातील असे रोगी १९८७ साली वैद्यकीय जगासमोर आले. भारतातही ते आढळले आहेत.

महिन्यांनी, कधी वर्षांनी थकवा येतो, थंडी सोसत नाही, दाढी विरळ होते. पुरुष हे लाजेने लपवितात. इकडे टेस्टोस्टेरॉन आटल्याने हाडे आतून पोकळ होतात. साध्या पडण्यानेही मोडतात.

उपाय आहे. आधी कॉर्टिसॉलची उणीव भरावयाची, मग थायरॉईडची. टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावयाचे. त्याने हाडांची घनता वाढते. पहिली दोन औषधे मात्र प्रमाणाबाहेर गेली तर तीच हाडे झिजवितात. कॉर्टिसॉलची गोळी एकाएकी बंद करणे जिवावर बेतते. म्हणून रोजे धरण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे.

आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. आमची विनंती एवढीच, की आपल्या घरी घोणस चावून वाचलेला कोणी असेल, तर त्याची लाज मोडा आणि त्याचे रक्त तपासून घ्या. हाड मोडण्यापेक्षा लाज मोडलेली बरी.