अनुभवाची निवृत्ती : अंगुली मुद्रा केंद्रांपुढील एक प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, सेवानिवृत्त सभासदांच्या सत्कारप्रसंगी दिलेले भाषण)



प्रतिवर्षी या संमेलनात आपण दोन सत्कार करतो. एक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा आणि दुसरा सेवेतून निवृत्त झालेल्या सभासदांचा. पहिल्या सत्काराच्या वेळी आपण पुढे काय, असे आवर्जून विचारतो. दुसऱ्याच्या वेळी मात्र शाल आणि श्रीफळ देऊन, दीर्घायुष्य चिंतून मोकळे होतो. सत्कारमूर्तींबरोबर त्यांच्या कचेरीतून काय बाहेर पडले, हा प्रश्न आपण विचारीत नाही. आणि खेदाची गोष्ट ही की, बहुधा त्यांची कचेरीही तो विचारीत नाही. आज या प्रश्नाचा थोडा विचार आपणांसमोर मांडावा, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा आहे. त्यासाठी ज्या खात्यात आमची उमेदीची वर्षे गेली, त्या पोलीस खात्यातील बोटांच्या ठशांच्या शाखेचे, म्हणजे अंगुली मुद्रा केंद्राचे, उदाहरण आम्ही घेतो.

या विद्येचे माहेर आपला देशच आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारपत्रावर सहीबरोबर पंजाचा ठसा उमटवून घेतला. पुढे 1897 साली कलकत्त्यास जगातील पहिले अंगुली मुद्रा केंद्र सुरू झाले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात तशी शाखा निघाली ती 1901 साली. ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावे जगभर गेली. परंतु दहा बोटांच्या ठशांची 1024 खणांत विभागणी करण्याचे गणित बसविणारे हात होते ते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांचे. पद्धतीस नाव साहेबाचे आणि तिचा प्राण कनिष्ठ मेजावर, अशी या शाखेची सुरुवात आहे. कचेरीचे खरे ज्ञान कोणत्या मेजावर बसते, हे वरच्यांस पुष्कळदा ठाऊक नसते, याचा तो पहिला दाखला म्हणावयास हरकत नाही.

दुसरा दाखला अधिक बोलका आहे. सर्व प्रांतांतील ठशांचा मेळ घालावा म्हणून 1905 साली सिमल्यास एक मध्यवर्ती केंद्र उघडण्यात आले. 1922 साली काटकसर समितीची कात्री चालली आणि ते बंद झाले. ते पुन्हा सुरू झाले 1955 साली, कलकत्त्यास. मध्ये तेहतीस वर्षे गेली! प्रांतोप्रांतीची केंद्रे चालू होती म्हणून ही विद्या जिवंत राहिली, एरवी पुनरुज्जीवनास माणसे कोठून आणली असती? कागद कपाटात कुलूपबंद करून ठेवता येतात आणि तेहतीस वर्षांनी बाहेरही काढता येतात. हातातील कसब असे ठेवता येत नाही.

हे कसब नेमके कोणते, ते थोडे समजून घेऊ. पोलीस ठाण्यात शाई लावून, अगर आता यंत्राच्या काचेवर, नीट घेतलेला दहा बोटांचा ठसा वाचणे फारसे अवघड नाही. कमान, शंख, चक्र हे प्रकार होतकरू मुलास अल्पावधीत ओळखता येतात. अवघड असतो तो घटनास्थळी सापडलेला ठसा. तो बोटाचा एक तुकडाच असतो. बोट काचेवरून घसरलेले असते, दाब कमीअधिक पडलेला असतो, एका ठशावर दुसरा बसलेला असतो. कधी रेषा कोणती आणि रेषांमधील जागा कोणती, याचीच उलटापालट झालेली असते. गवंड्याच्या बोटावरील रेषा सिमेंटने झिजलेल्या असतात. अशा तुकड्यात ही रेघ खरोखर दुभंगली आहे, की बोट सरकल्यामुळे तशी दिसते, हे ठरवावे लागते. आणि त्या निर्णयावर एखादा मनुष्य तुरुंगात जावयाचा किंवा घरी जावयाचा असतो.

आपल्या ज्ञातीस हे अधिक सांगावयास नको. पेढीवरील जुना कारागीर कसोटीवर ओढलेली रेघ पाहून सोन्याचा कस सांगत असे. हे त्यास कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. शेजारी बसवून, शेकडो रेघा दाखवून, चुकल्यावर पुन्हा ओढावयास लावून वडिलांनी किंवा मालकांनी शिकविले होते. ठशांच्या तज्ज्ञाचेही असेच आहे. केंद्रीय संस्थेची अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण होऊन तो तज्ज्ञ ठरतो खरा. परंतु त्याचे डोळे तयार होतात ते ज्येष्ठाच्या शेजारी बसून, भिंगाखाली तोच ठसा दोघांनी पाहून आणि मतभेद झाल्यावर वाद घालून.

आता निवृत्तीकडे वळू. राज्यसेवेत बहुतेकांस 58व्या वर्षी आणि केंद्रीय सेवेत 60व्या वर्षी खुर्ची सोडावी लागते. यात अन्याय नाही. वाटेत तरुण उभे आहेत, त्यांसही बढती हवी आहे. आणि बारीक रेघा पाहून पाहून डोळेही थकलेले असतात, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. दोष आहे तो निराळाच. आग, अपघात, आजार यांची वेळ कोणास ठाऊक नसते. पण निवृत्तीचा दिवस नेमणुकीच्या दिवशीच सेवापुस्तकातील जन्मतारखेवरून निश्चित झालेला असतो. तीस-पस्तीस वर्षे आधी कळविलेली ही घटना पुष्कळ कचेऱ्यांत अकस्मात घडल्यासारखी घडते! शेवटच्या आठवड्यात निरोपसमारंभाची वर्गणी गोळा होते आणि जागा भरण्याचा प्रस्ताव त्यानंतर निघतो. नवीन मनुष्य येतो तेव्हा ज्याच्या शेजारी बसावयाचे, ती खुर्ची रिकामी असते. त्यातून एकाच वर्षी एकदम भरती झालेली तुकडी एकाच सुमारास निवृत्त होते, म्हणजे एकेक दिवा न विझता सबंध आळीच अंधारात जाते.

यावर दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की, आता संगणक आला, अनुभवी माणसांची तितकी गरज उरली नाही. संगणकाचे उपकार आम्ही नाकारीत नाही. 17 ऑगस्ट 2022 रोजी 'नाफिस' ही राष्ट्रीय स्वयंचलित प्रणाली सुरू झाली. अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीच्या ठशांस तीत दहा अंकी क्रमांक मिळतो, आणि एका राज्यातील ठसा दुसऱ्या राज्याच्या नोंदींशी त्वरित ताडून पाहता येतो. पूर्वी ज्या शोधास दिवसच्या दिवस लागत, तो आता मिनिटांचा झाला आहे. पण यंत्र 'हाच तो' असे सांगत नाही. 'यांपैकी कोणी असेल' अशी यादी देते. यादीतील मनुष्य तोच की त्याच्यासारखा दुसरा, हे पाहणारा डोळा माणसाचाच लागतो. किंबहुना नोंदी जितक्या वाढतात, तितके परस्परांसारखे दिसणारे ठसे यादीत अधिक येतात आणि पारख अधिक कठीण होते. 2021 पासून आपल्या धंद्यात हॉलमार्कची सक्ती आली, यंत्रे आली. म्हणून पारखी नजर निरुपयोगी झाली, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय?

दुसरे उत्तर असे की, निवृत्तांसच कंत्राटावर पुन्हा बोलवावे, म्हणजे झाले. हे उत्तर आम्हां निवृत्तांस सुखावणारे आहे, म्हणूनच ते सावधपणे पारखले पाहिजे. 11 मार्च 2004 रोजी माद्रिद येथे आगगाड्यांत बाँबस्फोट झाले. स्फोटकांशी संबंधित एका पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या एफबीआयकडे गेला. संगणकाने वीस नावांची यादी दिली. त्यांतील एक, ओरेगॉन राज्यातील वकील, हाच तो मनुष्य असे तज्ज्ञाने ठरविले. इतर ज्येष्ठांनी त्यास दुजोरा दिला, आणि त्या दुजोरा देणाऱ्यांत निवृत्तीनंतर कंत्राटावर काम करणारे एक अनुभवी तज्ज्ञही होते. मे महिन्यात वकिलास अटक झाली. पुढे स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन इसमाचा असल्याचे दाखविले. दोन आठवड्यांनी वकील सुटला आणि एफबीआयला जाहीर क्षमा मागावी लागली.

यावरून अनुभव निरर्थक आहे, असा अर्थ कोणी काढू नये. अर्थ इतकाच की, पहिल्याचे मत कानी पडल्यावर दुसऱ्याची नजर स्वतंत्र राहत नाही, मग ती कितीही मुरलेली असो. अनुभवास तपासणीची जोड हवी. आणि तपासणी करावयास, प्रसंगी ज्येष्ठास 'मला तसे दिसत नाही' असे सांगावयास, तयार झालेली पुढची पिढी हवी. सर्व भार निवृत्तांच्या खांद्यावर ठेवला, तर ही पिढी तयार होणार नाही. निवृत्तांस बोलवावे ते निकाल देण्यास नव्हे, तर शिकविण्यास.

या प्रश्नास आता कायद्यानेही नवे वजन आले आहे. 1899 साली पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांवरील तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले, आणि आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते स्थान कायम आहे. परंतु 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 336 मध्ये अशी तरतूद आहे की, अहवाल देणारा तज्ज्ञ निवृत्त झाला असेल, आणि त्या अहवालास हरकत घेतली गेली असेल, तर त्या पदावरील उत्तराधिकाऱ्याने न्यायालयात येऊन त्याविषयी साक्ष द्यावी. खटले लवकर निघावेत हा यातील हेतू स्तुत्य आहे. परंतु विचार करा. ज्याने तो ठसा पाहिला तो घरी, आणि ज्याने पाहिला नाही तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात! आरोपीच्या वकिलाने 'या रेघेस आपण फाटा का म्हटले?' असे विचारले, तर उत्तराधिकारी काय सांगणार? पूर्वाधिकाऱ्याने कारणे लिहून ठेवली असतील आणि त्याच्याजवळ बसून शिकण्याची संधी मिळाली असेल, तर तो सांगू शकेल. नसेल, तर दोषी सुटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे निर्दोष मनुष्याच्या शंकेचे निरसन होणार नाही.

म्हणून आमच्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी आम्ही सुचवितो. पहिली, अशा विशेष कौशल्याच्या शाखांत जागा रिकामी झाल्यावर नव्हे, तर निवृत्तीच्या निदान एक वर्ष आधी पुढचा मनुष्य नेमावा. एक वर्षाच्या दुहेरी वेतनाचा खर्च पुढील दहा वर्षांच्या चुकांपेक्षा स्वस्तच पडेल. दुसरी, तज्ज्ञाने प्रत्येक मतासोबत, ते का बनले आणि कोठे शंका आली, हे साध्या शब्दांत लिहून ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात स्मरणशक्तीस ताण देऊन हे साधत नाही. तिसरी, दुसऱ्या तज्ज्ञाने तपासताना पहिल्याचे मत त्यास कळू देऊ नये, आणि मतभेद झाल्यास तो अपमान न मानता शिक्षण मानावे.

सरकारने करावयाचे ते सरकार करील. आपल्या संस्थेने काय करावे? आपल्या सभासदांत पोलीस, तार-टपाल, रेल्वे, बँका, प्रयोगशाळा अशा अनेक ठिकाणी आयुष्य वेचलेली माणसे आहेत. त्यांची एक नोंदवही आपल्या कार्यालयात असावी, आणि स्पर्धापरीक्षेस बसणाऱ्या आपल्या मुलामुलींस आठवड्यातून एकदा त्यांपाशी बसता यावे. प्रकरणांची गुपिते कोणी सांगू नयेत. ती सरकारची आहेत. काम कसे करावे, शंका कोठे घ्यावी, दडपण आले असता मत कसे राखावे, हे मात्र सांगता येते. पालकांसही आमची विनंती आहे की, विज्ञान घेतलेल्या मुलाने किंवा मुलीने अशा शाखेत जावयाचे म्हटले, तर 'पोलिसात कशाला?' म्हणून नाउमेद करू नये. या कामात वर्दीचा रुबाब नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. परंतु मन लावून पाहण्याची ज्यास आवड आहे, त्यास याहून सचोटीचे काम क्वचितच मिळेल.

आणि आजच्या सत्कारमूर्तींस हात जोडून एकच विनंती. आपण कागदपत्रांचा कार्यभार सोपविलात, किल्ल्या सोपविल्यात, पावतीही घेतली असेल. जे सोपविण्याची कोणी पावती मागितली नाही, ते अद्याप आपणांपाशीच आहे. ते आपल्याबरोबर संपू देऊ नये. शिकणारा घरी चालत येईल म्हणून वाट न पाहता, आपण होऊन त्यास शोधावे.