घेऊन जा गे मारबत!



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. गल्लीबोळांत पोरं लाकडी नंदी सजवून तान्हा पोळा साजरा करत असतात आणि रस्त्यावर हजारो गळ्यांतून एकच आरोळी उठते, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’

एरवी नको असलेल्याला आपण ‘चालती हो’ म्हणून हाकलतो. मारबतीच्या पुतळ्याला तसं कुणी म्हणत नाही. सगळी रोगराई तिच्या पदरात बांधायची आणि तिची पाठवणी करायची. म्हणून तर जाळण्याआधी तिची पूजा होते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद-कापड चढवून रंगवलेली ही उंच बाई. जागनाथ बुधवारीतल्या पिवळ्या मारबतीच्या पायावर आया लेकरांना घालतात, नवस फेडतात.

ही पिवळी १८८५ पासूनची, तऱ्हाणे तेली समाजाची. इतवारीतली काळी तिच्याहून जुनी, १८८१ ची. भोसले घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, तो राग लोकांनी काळ्या मारबतीवर काढला, असं सांगतात. कुणी तिला कृष्णाला विष पाजायला आलेली पूतना मानतात. मला पूतनेची गोष्ट जास्त जवळची वाटते. दिवस भाद्रपदाचे, डबकी साचलेली, डास माजलेले, घरोघरी तापाने फणफणलेली मुलं. अशा वेळी आईला राजकारण नाही, लेकराचा जीव आठवतो.

विदर्भातल्या खेड्यांत मोठे पुतळे नसतात. पोळ्याला दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी पहाटे उचलायच्या आणि हीच आरोळी देत शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. तिकडे ढेकूण, डास, खोकला अशी नावं घेऊन सगळं मारबतीसोबत धाडतात.

शहरात मारबतींबरोबर बडगे नावाचे पुतळेही निघतात. महागाई, भ्रष्टाचार, जे जे लोकांना छळतं त्याचा बडगा होतो. गावाचं दुखणं असं चारचौघांत, नाव घेऊन सांगण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. फक्त बडगा दुखण्याचाच असावा, शेजारच्या माणसाचा नको. आणि मंडळांना हात जोडून विनंती, पुतळ्यात थर्माकोल, प्लास्टिक घालू नका. रोगराई घालवायला निघालेल्या मारबतीचा विषारी धूर पुन्हा त्याच लेकरांच्या छातीत जातो. बांबू, कागद आणि सुती कापड पुरेसं आहे.